आवक क्रमांक चौदा

"बाबा, चाळीस टॅग लागतील," असं सून म्हणाली आणि टाचणीसाहेबांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत त्यांच्याकडची एखादी वस्तू घरातल्या कुणाला लागण्याची ही पहिलीच वेळ होती. ते तडक उठले, कपाटाच्या खालच्या कप्प्यातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि सुनेसमोर ठेवलं. आत हिरव्या दोऱ्या होत्या, दोन्ही टोकांना पत्र्याच्या बारीक पट्ट्या लावलेल्या. कचेरीत फायलीचे कागद ज्यात ओवून ठेवतात, ते टॅग.

"चाळीस काय, दीडशे घे," ते म्हणाले. "एकही वापरलेला नाही."

सुनेनं त्या दोऱ्यांकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे बघितलं आणि मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला. त्यात कुणा बाईचे नुसते हात दिसत होते. ते हात तपकिरी जाड कागदाची पट्टी कापत होते, तिच्यावर पिवळं पडलेलं पुस्तकाचं पान चिकटवत होते, त्यावर लेसचा तुकडा, त्यावर कुणाचा तरी जुना फोटो, कोपऱ्यात वापरलेलं टपालाचं तिकीट, आडवा एक शाईचा शिक्का, आणि शेवटी वर भोक पाडून रिबीन.

"तुमच्या आणि आईंच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत ना, म्हणून चाळीस जणांना बोलवलंय. प्रत्येकाला एकेक रोप द्यायचं. त्या कुंडीला हा टॅग बांधायचा."

"म्हणजे लेबल."

"टॅग, बाबा."

"लेबल," टाचणीसाहेब म्हणाले. छत्तीस वर्षं ते एका मोठ्या कचेरीच्या अभिलेख कक्षात होते, त्यातली शेवटची अकरा मुख्य कारकून म्हणून. टाचणी न लावलेला कागद त्यांच्या टेबलावरून कधी पुढे गेला नाही, म्हणून समोर लोक त्यांना साहेब म्हणत आणि पाठ फिरली की टाचणी. निवृत्त झाल्यावर सोसायटीनं दोन्ही जोडून टाकलं. त्यांचा दुसरा लौकिक खुलाशाचा. हाताखालच्या प्रत्येकाकडून त्यांनी कधी ना कधी लेखी खुलासा मागवलेला होता. कक्षाचं छत गळलं तेव्हा पावसाला तेवढं त्यांनी सोडलं, असं लोक म्हणत.

"त्यांना कशाला सांगतेस गं?" स्वयंपाकघरातून पत्नीचा आवाज आला. "चाळीस वर्षांत माझ्यासाठी स्वतःच्या हातानं त्यांनी एकच गोष्ट केली. सही."

"कुठे?" सुनेनं विचारलं.

"लग्नाच्या नोंदवहीत. तिथेही खाली तारीख टाकली."

सून हसली. टाचणीसाहेब हसले नाहीत. तारीख टाकली यात हसण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळलं नाही. पण 'एकच गोष्ट' हे शब्द वर्मी लागले. त्यांनी मनातल्या मनात चाळीस वर्षांची उजळणी केली आणि दुसरी गोष्ट काही सापडेना. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना तीन प्रशस्तिपत्रं मिळाली होती. घरातून एकही नाही. तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की चाळीसच्या चाळीस टॅग आपण स्वतः, स्वतःच्या हातानं करणार, आणि त्या दिवसापर्यंत पत्नीनं त्यातला एकही बघायचा नाही. चारचौघांत तिनं एकदा आपल्याकडे बघून "छान केलंत हो" म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे मात्र त्यांनी जाहीर केलं नाही.

पहिली अडचण फोटोची. दोघांचा मिळून जुना म्हणावा असा फोटो एकच, लग्नाच्या दिवशी स्टुडिओत काढलेला. त्यात ते कॅमेऱ्याकडे असे बघतायत, जणू कॅमेऱ्याचा अर्ज अपूर्ण आहे. आणि पत्नीचे डोळे मिटलेले. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे ते चाळीस प्रती काढायला गेले.

"अंकल, आँटींचे डोळे उघडून देऊ का? कंप्युटरवर होतं."

'साहेब'वरून 'अंकल'वर आल्याचं दुःख गिळून टाचणीसाहेबांनी होकार दिला. खरं तर पत्नीचे डोळे लग्नानंतर महिनाभरातच उघडले होते, फोटोतले तेवढे राहिले होते. फोटोवाल्यानं कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचे डोळे काढून तिथे बसवले. डोळे टपोरे होते, पाणीदार होते, आणि बघत होते ते फोटोबाहेर, डावीकडे, तिसऱ्याच कुणाकडे तरी. टाचणीसाहेबांनी प्रती मोजून घेतल्या आणि डोळे उघडे आहेत एवढं तपासलं.

घरी येऊन त्यांनी शिक्का शोधला. मोबाइलमधल्या हातांनी कसलासा वेलबुट्टीचा शिक्का वापरला होता. टाचणीसाहेबांकडे एकच होता, निवृत्तीच्या दिवशी चुकून खिशात राहिलेला: 'सत्यप्रत'. तोही कसा मारावा याचा नियम त्यांना पाठ होता, अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर. त्यांनी चाळीस पट्ट्या कापल्या, फोटो चिकटवले आणि चाळीसही शिक्के नियमाप्रमाणे मारले. 'सत्य' पत्नीच्या गालावर आलं आणि 'प्रत' कागदावर. साबणवालीच्या डोळ्यांखाली 'सत्य' फार खुलून दिसत होतं.

आता तिकिटं. वापरलेली, जुनी, खऱ्याखुऱ्या टपालातून आलेली हवीत. पत्नी दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली होती. टाचणीसाहेबांनी पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तळाशी त्यांना हवं ते सापडलं, हिरव्या टॅगनं बांधलेले तेवीस लिफाफे. लग्न झाल्यावर दोनच महिन्यांत त्यांची अकरा महिन्यांसाठी दूरच्या कचेरीत बदली झाली होती, तेव्हा पत्नीनं त्यांना पाठवलेली पत्रं. प्रत्येक लिफाफ्यावर सुंदर जुनं तिकीट, आणि तिकिटाशेजारी टाचणीसाहेबांच्या हातचा आवक क्रमांक आणि दिनांक. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. चोविसाव्या वर्षीसुद्धा आपण एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता.

तिकीट लिफाफ्यावरून कसं काढायचं, हे विचारायला ते वरच्या मजल्यावर गेले. वरचे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. विषय कुठलाही असो, ते तो पाण्यापर्यंत आणून सोडत. इथे तर विषय स्वतःच पाण्यात उतरला होता.

"सोपं आहे, साहेब. कोमट पाण्यात भिजवायचं. तासाभरात डिंक सुटतो. पाणी मात्र हलवायचं नाही, पाण्याला त्याचं काम करू द्यायचं."

"लिफाफे आख्खे भिजवायचे?"

"आख्खे. ओल सगळीकडून सारखी लागली पाहिजे."

इंजिनिअर लिफाफ्यांबद्दल बोलत होते. लिफाफ्यांत पत्रं आहेत, हे त्यांना माहीत नव्हतं. टाचणीसाहेबांना माहीत होतं. कुठल्याही साध्या माणसानं आधी पत्र बाहेर काढलं असतं. पण सहपत्र मूळ लिफाफ्यापासून वेगळं करायचं नाही, हा नियम त्यांनी छत्तीस वर्षं इतरांना शिकवला होता आणि तो मोडणाऱ्या एकाची वेतनवाढ रोखली होती. तेव्हा त्यांनी तेवीस लिफाफे, सहपत्रांसह, मोठ्या पातेल्यात ठेवले आणि वरून कोमट पाणी सोडलं.

अर्ध्या तासानं पाणी निळं झालं. त्यांनी इंजिनिअरांना खाली बोलावलं.

"निळं?" इंजिनिअरांनी वाकून बघितलं. "चांगलं लक्षण आहे. जुनी घाण निघतेय."

तासाभरानं तिकिटं अलगद सुटून वर तरंगायला लागली. टाचणीसाहेबांनी ती चिमट्यानं उचलली, टिपकागदावर ओळीनं मांडली, आणि मग पहिल्या लिफाफ्यातलं पत्र उघडलं. कागद कोराच होता. दुसरं उघडलं, तेही कोरं. पत्नी त्या काळी शाईच्या पेनानं लिहायची, हे त्यांना आत्ता आठवलं. तोंडचं पाणी पळालं ते असं. पातेल्यातलं मात्र जागच्या जागी होतं, निळंशार, आणि त्यात अकरा महिन्यांची पत्रं होती.

कोरे म्हणणंही बरोबर नव्हतं. प्रत्येक कागदाच्या वरच्या कोपऱ्यात त्यांचं स्वतःचं अक्षर शाबूत होतं, कारण शेरा पेन्सिलीनं लिहायचा ही त्यांची शिस्त होती. तेवीस कागदांवर तेवीस वेळा तेच लिहिलेलं होतं, 'पाहिले. नस्तीबंद.' नस्ती म्हणजे कचेरीच्या भाषेत फाइल. ती बंद करून टाकावी, पुढे काही करायचं नाही. बायकोचं पत्र वाचून, त्यावर आवक क्रमांक घालून, शेरा मारून त्यांनी ते बांधून ठेवलं होतं. उत्तरं पाठवली होती का? महिन्याला एक पोस्टकार्ड ते पाठवत असत: मी खुशाल आहे, तुझी खुशाली कळव. ती कळवत होती आणि ते नस्तीबंद करत होते.

आवक क्रमांक चौदा तेवढा पातेल्याच्या काठाशी वर राहिला होता. त्याची शेवटची ओळ अर्धीमुर्धी वाचता येत होती. 'एकच विचारायचं आहे. खरं सांगा, तुम्हाला मा' आणि पुढे निळा डाग. डागाच्या पलीकडे नुसतं 'का?' आणि वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं, 'पाहिले. उत्तराची आवश्यकता नाही. नस्तीबंद.'

टाचणीसाहेब तो ओला कागद हातात धरून मोरीत उभे राहिले. उत्तराची आवश्यकता नाही, हे आपण कशावरून ठरवलं असेल, ते त्यांना काही केल्या आठवेना. मग त्यांनी सगळे कागद मागच्या गॅलरीत वाळत घातले, वाळल्यावर इस्त्री केली, त्यात दोन करपवले, आणि लिफाफ्यांत घालून टॅगनं बांधून होते तिथे ठेवून दिले.

पत्नी परत आल्यावर त्यांनी चहाच्या वेळी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चाळीस वर्षांपूर्वी तुला मला काही विचारायचं होतं का?"

"चाळीस वर्षांपूर्वीचं सोडा. मला आत्ता विचारायचंय, माझं मोठं पातेलं निळं कशानं झालं?"

तो मार्ग तिथेच बंद झाला. मग त्यांनी स्वतःच विचार केला. नवं लग्न, नवरा परगावी. 'तुम्हाला मा', म्हणजे 'माझी'. पुढे 'का?' अशा वेळी बायको दुसरं काय विचारणार? 'तुम्हाला माझी आठवण येते का?' एवढा साधा प्रश्न, आणि आपण तो चाळीस वर्षं प्रलंबित ठेवला. टाचणीसाहेबांना मनापासून वाईट वाटलं. आठवण यायची, रोज यायची. फक्त ती कळवायची असते, हे कुठल्या परिपत्रकात नव्हतं. उत्तर द्यायचं त्यांनी ठरवलं. तेही रीतसर, टपालानं.

टपालाचं काम तसंही निघालं होतं. तिकिटं तेवीस, टॅग चाळीस. उरलेल्या सतरांना नवी तिकिटं लावली, पण ती कोरी करकरीत दिसत होती. त्यांच्यावर गोल ठसा हवा होता. टाचणीसाहेब टपाल कचेरीच्या खिडकीशी गेले.

"यांच्यावर नुसता ठसा मारून द्या."

"नुसता ठसा मारत नाही, काका," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "टपालात टाका, ठसा आपोआप पडेल."

"टपालात टाकले तर जातील कुठे?"

"पत्त्यावर."

"यांना पत्ता नाही."

"मग पत्ता घाला."

टाचणीसाहेब बाजूच्या बाकावर बसले आणि सतरा टॅगच्या मागे स्वतःच्या घरचा पत्ता लिहिला, घेणाऱ्याच्या आणि पाठवणाऱ्याच्या दोन्ही जागी. सतराव्यावर पत्त्याच्या खाली, सुवाच्य अक्षरात, उत्तर लिहिलं. मग ते पुन्हा रांगेत उभे राहिले.

बाईंनी गठ्ठा उलटसुलट करून बघितला. "तुम्हीच पाठवताय, तुम्हालाच पाठवताय, सतरा वेळा. आणि प्रत्येकावर हीच बाई." त्यांनी साबणवालीच्या डोळ्यांकडे निरखून बघितलं. "हे 'सत्यप्रत' कोणत्या अधिकारात मारलंय?"

"ते शोभेचं आहे."

"शोभेचं?" बाईंनी आतल्या टेबलाकडे बघून विचारलं, "मॅडम, हे घ्यायचं का?" आतून आवाज आला, "कशासाठी ते लेखी घ्या त्यांच्याकडून." बाईंनी एक कागद खिडकीतून पुढे सरकवला. "खुलासा द्या, काका."

छत्तीस वर्षांत टाचणीसाहेबांनी एकही खुलासा लिहिला नव्हता. विषय लिहून झाला, संदर्भ लिहून झाला, आणि कारणापाशी पेन अडलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'घरगुती'. बाईंनी वाचून कागद परत दिला. "सविस्तर लिहा. मोघम चालत नाही." हे वाक्य त्यांचंच होतं, निदान हजार वेळा त्यांनी ते दुसऱ्यांना ऐकवलं होतं. मान खाली घालून त्यांनी लिहिलं, 'पत्नीस आनंद व्हावा या हेतूने.' मागच्या रांगेतल्या दोघांनी ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं. बाईंनी कागद ठेवून घेतला आणि सतरा ठसे दाणदाण मारले.

हे टॅग आता वाटेल त्या क्रमानं घरी येणार आणि दुपारी दार उघडणार ती पत्नी, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते जिना चढत होते.

पुढचे आठ दिवस रोज पोस्टमन यायचा. टाचणीसाहेब बारा वाजल्यापासून जिन्यात उभे राहायचे. "आजोबा, आज दोन आहेत," असं म्हणत पोस्टमन टॅग हातात द्यायचा. सोळा आले. पंधरा त्यांनी पकडले. एक मात्र ते दाढी करत असताना आला आणि पत्नीनं घेतला. तिनं तो टेबलावर उलटा ठेवला आणि इतकंच म्हणाली, "ही बाई कोण आहे ते मी विचारत नाही." सतरावा आलाच नाही.

तो दिवस उजाडला. संध्याकाळी घरात चाळीस माणसं आणि चाळीस कुंड्या, टॅग एकोणचाळीस. मुलानं कौतुकानं सांगितलं, की टॅग बाबांनी स्वतः केलेत. लोकांनी कुंड्या उचलून डोळ्यांसमोर धरल्या, आणि सगळ्यांचीच नजर फोटोतल्या डोळ्यांवर अडली.

"साहेब," इंजिनिअरांच्या बायकोनं विचारलं, "तुमचं हे दुसरं लग्न का?"

"डोळे उघडलेत फक्त," टाचणीसाहेब म्हणाले.

"आणि बघतायत कुणाकडे?" कुणीतरी मागून म्हणालं. हशा पिकला. सून ओठ चावत खिडकीबाहेर बघायला लागली. पत्नी मात्र हातातल्या टॅगकडे बघत राहिली. "सत्यप्रत," तिनं सावकाश वाचलं. टाचणीसाहेबांनी 'छान केलंत'वर तिथल्या तिथे पाणी सोडलं.

तेवढ्यात बेल वाजली. दारात पोस्टमन. "आजोबा, शेवटचा राहिला होता. मुद्दाम घेऊन आलो." दाराजवळ इंजिनिअर होते. त्यांनी टॅग घेतला, उलटला, आणि पाणीटंचाईच्या सूचना वाचायच्या खड्या आवाजात वाचला: "'तुझ्या पत्र क्रमांक चौदामधील प्रश्नाचे उत्तर: हो. त्या काळी रोज येत असे. विलंबाबद्दल दिलगीर आहे.'"

मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई! काय विचारलं होतं तुम्ही?"

पत्नीनं हातातली कुंडी खाली ठेवली. "चौदावं ना? ते मला पाठ आहे. दोन महिने उत्तराची वाट बघितली होती." आणि तिनं नवऱ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करत म्हटलं, "'एकच विचारायचं आहे. खरं सांगा, तुम्हाला माझ्या पत्रांचा कंटाळा येतो का?'"

इंजिनिअरांनी खात्री करून घेण्यासाठी टॅग पुन्हा वाचला. "हो. त्या काळी रोज येत असे."

मग जे हसणं सुटलं, ते आवरायला पाच-सात मिनिटं लागली. फोटोवाल्याला बोलावलं होतं, तो तर भिंतीला टेकला. टाचणीसाहेब खोलीच्या मधोमध उभे होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. वेतनवाढ रोखलेला तो कारकून त्यांना का आठवला, कुणास ठाऊक.

"मला वाटलं," हसणं ओसरल्यावर ते हळूच म्हणाले, आणि म्हणाले ते फक्त तिला, "मला वाटलं, तू विचारलं होतंस की आठवण येते का. 'मा' एवढंच राहिलं होतं. पुढे डाग पडला. ते पाणी..."

"माहितीये," पत्नी म्हणाली. "बहिणीकडून आले त्याच दिवशी ट्रंक उघडली होती मी. इस्त्रीचा वास येत होता. माझी शाई सगळी धुऊन गेली आणि तुमची पेन्सिल तेवढी राहिली. तुमचे शेरे मी पूर्वीच वाचलेत. बदलीहून आलात, त्याच आठवड्यात. त्यानंतर तुम्हाला पत्र म्हणून काही लिहिलं नाही मी. किराणाच्या यादीखेरीज."

टाचणीसाहेबांचं पेन पुन्हा कारणापाशी अडलं होतं.

पत्नीनं इंजिनिअरांच्या हातातून टॅग घेतला. आठवणीबद्दल लिहिलेलं ते उत्तर तिनं एकदा वाचलं, मग आणखी एकदा. मग हात पुढे करून नवऱ्याच्या खिशातली पेन्सिल काढली, टॅग टेबलावर ठेवला आणि वरच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं. टॅग त्यांच्या हातात देऊन ती पाहुण्यांना चहा विचारायला निघून गेली. टाचणीसाहेबांनी चष्मा लावला. अक्षर तिचं होतं, चाळीस वर्षांपूर्वी होतं तसंच, फक्त या वेळी न धुतलं जाणारं.

'पाहिले. खुलासा मागवावा. सविस्तर. नस्ती चालू ठेवावी.'

आणि खाली तारीख.